पाच रुपयांचा पुडा, आठ रुपयांचा आहार : कुपोषण आणि लठ्ठपणा हटवायला कंपन्या घ्या, पण अट कुणाची?

गावातल्या कोणत्याही किराणा दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. वेफर्स, मसाला नळ्या, फरसाण, क्रीमची बिस्किटं. किंमत बहुतेक सगळ्यांची एकच, ५ रुपये. त्याच गल्लीत थोडं पुढे अंगणवाडी असते. तिथे एका बाळाच्या दिवसाच्या पूरक आहारासाठी केंद्र आणि राज्य मिळून किती खर्च धरतात? ८ रुपये. हा दर २०१७ मध्ये ठरला. दर वाढवू, असं केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगितलं, पण मधल्या सात-आठ वर्षांत तेल, डाळ, शेंगदाणे कुठल्या कुठे गेले हे बाजार करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

५ रुपयांच्या पुड्याच्या मागे जाहिरात आहे, गाडी आहे, एजन्सी आहे, दुकानदाराला सुटणारं मार्जिन आहे. ८ रुपयांच्या आहाराच्या मागे एक सेविका, एक मदतनीस आणि रजिस्टर आहे. लढाई बरोबरीची नाही.

आता सगळीकडे सांगितलं जातं की कुपोषण आणि लठ्ठपणा ही दोन्ही संकटं एकट्या आरोग्य खात्याच्या आवाक्यातली नाहीत, कंपन्या आणि उद्योगांना सोबत घ्यावं लागेल. राज्यात अंगणवाड्या दत्तक देण्याचं धोरण आहे. कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत भूक आणि कुपोषण पहिल्याच ओळीत आहे. म्हणजे आज ना उद्या आपल्याही गावात कुणीतरी कंपनी बॅनर घेऊन येणार. त्यावेळी हुरळूनही जायला नको आणि हाकलूनही द्यायला नको. आजवर अशी जोडी कुठे जमली, कुठे फसली आणि का, हे आधी समजून घ्यायला हवं.

एकाच घरात दोन्ही आजार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यातले महाराष्ट्राचे आकडे असे आहेत. पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी. ३६ मुलांचं वजन कमी. २५ ते २६ मुलं उंचीच्या मानाने बारीक, म्हणजे अंगावर मांसच नाही. आणि त्याच पाहणीत जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यावरून ४.१ टक्क्यावर गेलं. दुपटीहून जास्त.

मोठ्या बायकांचं चित्र आणखी बोलकं आहे. राज्यातल्या १०० बायकांमध्ये सुमारे २१ जणी हडकुळ्या आणि २३ जणी गरजेपेक्षा जाड. निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे जाड दिसणाऱ्या बाईच्या अंगातही रक्त असेलच असं नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की जगात ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांच्या पुढे गेलं. लठ्ठ ९.४ टक्के, कमी वजनाची ९.२ टक्के. युनिसेफने बोट ठेवलं ते स्वस्त, कारखान्यात बनलेल्या, साखर-मीठ-तेल भरलेल्या खाण्यावर आणि त्याच्या जाहिरातींवर.

आपल्याकडे अजून एक समज आहे. पोट सुटलं की माणूस खात्यापित्या घरचा. पोर गुबगुबीत असलं की बाळसेदार. आणि बारीक पोर दिसलं की 'त्याची अंगकाठीच तशी आहे' म्हणून सोडून द्यायचं. या तीन वाक्यांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या दुष्काळानेही केलं नसेल.

बारीक बाळ आणि पुढचा मधुमेह

कुपोषण वेगळं आणि लठ्ठपणा वेगळा असं वाटतं, पण दोन्हींची मुळं एकत्र आहेत. हे दाखवून दिलं ते महाराष्ट्रातल्याच खेड्यांनी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण बारकाईने मोजलं तेव्हा कळलं की आपल्या बाळात मांस कमी आहे, आणि चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नाही. वरून बारीक, आतून चरबी.

अशा बाळाला पुढे चांगलं चौरस खाणं मिळालं तर ते सावरतं. पण त्याच्या वाट्याला गोड बिस्किट, तळलेला पुडा आणि रंगीत पाणी आलं तर वजन वाढतं ते पोटावर. मग तिशी-पस्तिशीत साखर निघते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. पूर्वी शहरातला म्हणून ओळखला जाणारा हा आजार आता वस्ती-तांड्यावर पोहोचलाय.

त्यात राहणीही बदलली. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, पायवाटेच्या जागी मोटारसायकल. ज्वारी-बाजरीच्या भाकरीच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ आला. घाण्याच्या तेलाच्या जागी पिशवीतलं तेल आलं, ज्यात मोठा वाटा बाहेरून आणलेल्या पाम तेलाचा असतो. अंगमेहनत घटली, तेल-साखर वाढली, डाळ-अंडी-भाजी जिथल्या तिथे राहिली. हिशेब सरळ आहे.

घरचा पैसा कुठे जातो

एका घरात दोन पोरं आहेत असं धरू. प्रत्येकाला रोज एक पुडा. महिन्याचे ३०० रुपये. सरकार एका बाळाच्या पूरक आहारावर महिन्यातल्या २५ दिवसांचे मिळून २०० रुपये धरतं. म्हणजे काही घरं सरकारच्या खर्चापेक्षा जास्त पैसा स्वतःच्या खिशातून चुकीच्या खाण्यावर घालतात. ३०० घरांच्या गावात प्रत्येक घरातून रोज १० रुपये असे गेले तर महिन्याला ९० हजार रुपये गावाबाहेर जातात. वर्षाला १० लाखांच्या वर.

त्याच ५ रुपयांत दुसरं काय येतं? शेंगदाणे किलोला दीडशे रुपये धरले तर ५ रुपयांत मूठभर, साधारण ३० ते ३३ ग्रॅम. त्यात जवळपास ८ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास. वेफर्सच्या ५ रुपयांच्या पुड्यात प्रथिनं नावाला आणि वजनाचा तिसरा हिस्सा तेल. साध्या गोड बिस्किटात वजनाचा साधारण पाव हिस्सा साखर. २५० मिलीच्या रंगीत गोड पेयात सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. एका मोठ्या माणसाने दिवसभरात जेवढी साखर खावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढी एका बाटलीतच.

करानेही या पुड्याला हात दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाकिटातल्या फरसाणावरचा १२ वरून ५ वर. गोड फसफसत्या पेयांवर मात्र ४० टक्के ठेवला. बऱ्याच कंपन्यांनी ५ रुपयांची किंमत तशीच ठेवून आत माल वाढवायचा मार्ग धरला. गिऱ्हाईक खुश. पण आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर त्याच पैशात पोराच्या पोटात आणखी तेल-मीठ गेलं. फसफसत्या पेयाला एक न्याय आणि पुड्याला दुसरा, असं झालं.

आईबापांना दोष देणंही सोपं आहे, पण ते अर्धसत्य. सकाळी सातला खुरपायला जाणाऱ्या बाईला रडतं पोर शांत करायला हाताशी काय आहे? पुडा. तो स्वस्त आहे, नासत नाही, दारात मिळतो. मग चांगलं खाणंही स्वस्त, टिकाऊ आणि दारात मिळणारं करावं लागेल. इथे धंदा करणाऱ्यांची गरज खरोखर आहे.

जिथे जोडी जमली

दोन उदाहरणं प्रत्येक घरातली आहेत. पहिलं मीठ. आयोडीन कमी पडल्याने गलगंड होतो, गरोदर बाईला कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो. सरकारने आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम आणला आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी केली. मीठ बनवणाऱ्या कंपन्या आणि आगरांनी ते बनवलं, दुकानदारांनी विकलं. आज गावात आयोडीनचं मीठ मागावं लागत नाही, तेच मिळतं.

दुसरं वनस्पती तूप आणि बेकरीतली घातक चरबी, जिला ट्रान्स फॅट म्हणतात. ती हृदयाला घातक. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. जानेवारी २०२१ पासून ३ टक्के, जानेवारी २०२२ पासून २ टक्के. कंपन्यांना प्रक्रिया बदलायला वेळ मिळाला, पण तारीख ठरलेली होती.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. काय खाण्यायोग्य हे आरोग्यवाल्यांनी ठरवलं, नियम सगळ्या कंपन्यांना सारखा लावला, आणि मग बनवणं-पोहोचवणं हे धंद्याचं काम धंद्याला दिलं. कंपनीच्या मर्जीवर सोडलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानेही हेच केलं. २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर ठळक काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. असा माल शाळेत विकायला बंदी. शिक्का टाळण्यासाठी बऱ्याच कंपन्यांनी स्वतःहून साखर-मीठ कमी केलं.

आपल्याकडे पाकिटाच्या पुढच्या बाजूला अशी खूण हवी यावर वर्षानुवर्षं चर्चा आहे. प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा. चांगल्या मालाला जास्त तारे, वाईटाला कमी. ग्राहक संघटनांचं म्हणणं, वाईट पाकिटालाही अर्धा तारा मिळाला तर तो बक्षीसच वाटेल, इशारा वाटणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, तेव्हा मसुद्याला अडीच वर्षं उलटली होती. नियम ठरवताना उद्योगाचं ऐकून घ्यावंच लागतं. पण ऐकता ऐकता वर्षं गेली की तोटा पोरांचा होतो.

जिथे जोडी फसली

दुसरी बाजू आपल्याच राज्याची. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातले गट, बचत गट, महिला मंडळं यांना काम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच दिला होता. त्यामागचा विचार साधा होता. ज्या बाईचं पोर तो आहार खाणार, तिच्याच गावात तो शिजावा.

प्रत्यक्षात महाराष्ट्रात काय झालं हे पुन्हा न्यायालयापर्यंत गेलं. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या घरपोच आहाराचे सुमारे ६,३०० कोटींचे ठेके रद्द केले. निविदेच्या अटी अशा ठेवल्या गेल्या की छोटे बचत गट बाहेर आणि मोठे पुरवठादार आत, हा मुख्य मुद्दा होता. कागदावर महिला मंडळ, मागे दुसराच कुणी, हा संशय राज्यात त्याआधीपासून होता.

इथे कंपनी आली म्हणून फसलं असं नाही. फसलं कारण खरेदी करणारा, चव पाहणारा आणि खाणारा हे तिघं एकमेकांपासून फार लांब गेले. पाकीट आवडत नाही, घशाखाली उतरत नाही, शेवटी गाईच्या आंबोणात जातं, ही तक्रार राज्यात जुनी आहे. कारखान्याच्या दारात ते पाकीट पास असतं. पोराच्या ताटात नापास होतं. ठेकेदाराचं बिल मात्र पहिल्या ठिकाणीच निघतं.

२०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार घेताना मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवायची सक्ती आली. रेंज नसलेल्या वस्तीवर ताईंची आणि आयांची दमछाक होते ती वेगळीच. पण मूळ मुद्दा असा की चेहऱ्याने पाकीट कुणाच्या हातात गेलं ते कळतं. कुणाच्या पोटात गेलं ते कळत नाही. ते कळतं फक्त वजनकाट्यावर.

विश्वासाचाही प्रश्न आहे. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायला सुरुवात झाली. शंभर दाण्यांत एक. ते दाणे पाण्यात तरंगले, वेगळे दिसले आणि गावोगावी मोबाइलवर फिरलं, 'रेशनला प्लॅस्टिकचा तांदूळ आला'. बायकांनी ते दाणे वेचून फेकले. ज्यासाठी एवढा खर्च केला तेच उकिरड्यावर. आधी समजावून सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. गावाला न विचारता वरून आलेली कोणतीही चांगली वस्तू अशीच संशयात सापडते.

अंड्याची गोष्ट

शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी, असा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा वेगळा पैसा थांबवला. शाळांना हवं तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगितलं. वाचणारी रक्कम वर्षाला सुमारे ५० कोटी.

लोकवर्गणी म्हणजे कोण? ज्या गावात सधन माणसं आहेत, साखर कारखाना आहे, तिथे अंडं चालू राहील. ज्या पाड्यावर पोरांना त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथे वर्गणी द्यायला कोण आहे? आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत लहान मुलांना आठवड्याला चार अंडी द्यायची तरतूद आहे, पण ती ठरलेल्या क्षेत्रापुरती. बाकीच्या दुष्काळी, कोरडवाहू तालुक्यांतल्या शाळेतल्या पोराचं काय?

दानावर चाललेला आहार दात्याचा उत्साह असेपर्यंत चालतो. कंपनीची मदत सरकारच्या पैशाच्या वर असावी, सरकारच्या पैशाच्या जागी नसावी. हा फरक ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सदस्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

केरळचं उदाहरण

केरळमध्ये सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांचा घरपोच आहार कुडुंबश्री या बायकांच्या गटांची युनिटं बनवतात. नाव अमृतम न्यूट्रिमिक्स. गहू, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि साखर यांचं पीठ. पाककृती कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने ठरवून दिली. सुरुवात २००६ च्या सुमाराला झाली आणि आज राज्यभर दोनशेच्या वर युनिटं आहेत.

यात धंदा आहेच. बायकांना रोजगार आहे, युनिटला नफा आहे, बँकेचं कर्ज आहे, यंत्रं आहेत. पण पाककृती शास्त्रज्ञांची, गिऱ्हाईक अंगणवाडी, माल तपासायला प्रयोगशाळा, आणि बनवणारी बाई त्याच भागातली. कुणी कुणाच्या जागेवर बसलेलं नाही.

आपल्याकडे हे का जमू नये? सोयाबीन, हरभरा, शेंगदाणा, ज्वारी, नाचणी, सगळं आपल्याच शिवारात पिकतं. 'उमेद'चे बचत गट आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, आणि गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्याला ४० हजार बीजभांडवल.

अडतं ते तीन ठिकाणी. एक, बिल उशिरा मिळतं. मोठा पुरवठादार सहा महिने थांबू शकतो, दहा बायकांचा गट थांबू शकत नाही. दोन, निविदेत उलाढालीची अट इतकी मोठी असते की गट अर्जच भरू शकत नाही. तीन, माल तपासायचा, पॅकिंग करायचं, बुरशी लागू द्यायची नाही, हे शिकवायला कुणी नसतं. हे तिसरं काम मोठ्या खाद्य कंपन्यांना उत्तम येतं. मदतच करायची असेल तर त्यांनी फुकटची पाकिटं वाटण्यापेक्षा गटांना भाजणी, पॅकिंग आणि तपासणी शिकवावी. पहिली दोन कामं सरकारची आहेत. निविदा तालुक्याच्या मापाची करणं आणि बिल वेळेवर देणं. तेवढं झालं तर शिवारातला हरभरा व्यापाऱ्याच्या काट्यावरून परराज्यात जाऊन पाकीट होऊन परत येणार नाही.

कंपनी गावात आली तर हे विचारा

पुढाऱ्याचा हार, कंपनीचा बॅनर आणि पोरांच्या हातात पुडा असा फोटो काढायच्या आधी ग्रामपंचायतीने काही गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, पोरांना काय द्यायचं हे कोण ठरवणार? उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि बालविकास प्रकल्प अधिकारी असं असेल तर पुढे जा. कंपनीचा स्वतःचाच माल वाटायचा असेल तर थांबा.

दुसरी, पाकिटावर किंवा शाळेच्या भिंतीवर कंपनीची खूण राहणार का? शाळेतल्या पोराच्या डोक्यात नाव बसवणं ही मदत नाही, जाहिरात आहे. बाळांच्या डब्याच्या दुधाच्या बाबतीत तर कायदाच कडक आहे. १९९२ च्या कायद्याने त्याची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. कुणी असा डबा वाटत असेल तर ताबडतोब तक्रार करा.

तिसरी, हे किती वर्षं चालणार? सहा महिने देऊन निघून जाणार असतील तर नंतर कोण देणार, हे लेखी असावं.

चौथी, परिणाम कसा मोजणार? 'इतकी पाकिटं वाटली' हे मोजमाप चालणार नाही. सुरुवातीला किती पोरं तीव्र कुपोषित, वर्षानंतर किती, हे अंगणवाडीच्या काट्यावर मोजून ग्रामसभेत वाचून दाखवायचं.

काय हातात आहे

कायदा आणि निविदा मुंबई-दिल्लीत ठरतात. पण बरंच काही गावातही ठरतं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचा माल विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. किती गावांत ती पाळली जाते? दुकानदार आपलाच माणूस आहे, त्याच्याशी भांडायला नको. पण माळा आत आणि फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, उकडलेली अंडी दर्शनी भागात, एवढं तर त्याला सांगता येतं. बचत गटाने ५ रुपयांचा शेंगदाणा-फुटाण्याचा पुडा बांधून त्याच दुकानात ठेवला आणि मार्जिन बरोबरीचं दिलं, तर दुकानदाराची ना नसते. त्याला धंदा हवा असतो, माल कोणता याचं त्याला काही नाही.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडेही दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो. तो पैसा खुर्च्या आणि पडद्यांत जातो की पोरांच्या अंड्यात, हे ग्रामसभा ठरवू शकते.

घरात करायच्या गोष्टीही मोजक्या आहेत. महिन्यातून एकदा अंगणवाडीत बाळाचं वजन-उंची घेताना हजर राहा आणि आलेख कोणत्या रंगात आहे ते विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित आहे. अंगकाठी म्हणून घरी ठेवू नका, ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. मोठ्यांनी शिंप्याची टेप कमरेला लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर असेल तर उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, मग तुम्ही शेतात कितीही राबत असा. आणि पुडा घेतलाच तर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचा. घटकांच्या यादीत जे पहिलं लिहिलेलं असतं ते आत सगळ्यात जास्त असतं. पहिल्या तीनांत साखर आणि पाम तेल असेल तर ते पोराचं खाणं नाही.

येत्या ग्रामसभेत सरपंच आणि ग्रामसेवकांना तीनच प्रश्न विचारायचे आहेत. गावात आज तीव्र कुपोषित मुलं किती? गेल्या वर्षीच्या १० टक्के महिला-बालकल्याण निधीतून आहारावर किती गेले? अंगणवाडीचं पाकीट कोण पुरवतं आणि ते मुलं खातात का, हे शेवटचं कुणी आणि कधी तपासलं? उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. कंपनी उद्या येवो न येवो, या तीन उत्तरांची मागणी करायला गावाला कुणाच्या परवानगीची गरज नाही.